जुन्या डिझेल गाडीची बॅटरी वारंवार उतरते तेव्हा: तपासणीचा क्रम आणि आकड्यांचे अर्थ

सकाळी सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) जड फिरतो, दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात गाडी कशीबशी सुरू होते आणि नंतर दिवसभर ती कसलीही कुरकुर करत नाही. जुन्या डिझेल गाडीतील चार्जिंगचा बिघाड बहुधा याच रूपात समोर येतो आणि त्याला कारणही तसेच आहे. यांत्रिक इंजेक्शन पंप असलेल्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते. पंपावरचा इंधन रोखणारा सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने सरकणारा खटका) उघडा राहण्यापुरता थोडासा प्रवाह मिळाला की एकदा सुरू झालेले इंजिन चालत राहते, आणि इंजिन बंद करण्यासाठी ज्या गाड्यांत केबल ओढावी लागते त्यांना तर तेवढीही वीज लागत नाही. पेट्रोल गाडीत अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) बंद पडला की काही वेळाने इंजिनच अडखळू लागते आणि दोष लपत नाही. डिझेलमध्ये मात्र तो कित्येक दिवस झाकलेला राहतो, केवळ स्टार्टच्या वेळी डोके वर काढतो, आणि म्हणून सगळा आळ बॅटरीवर येतो.

नवी बॅटरी बसवल्यावर आठवडा-दोन आठवडे गाडी झकास सुरू होते आणि मग तीच तक्रार परत येते, असे झाले असेल तर दोष बॅटरीत नव्हता, असे खुशाल समजावे. सकाळी उतरलेल्या बॅटरीमागे चार वेगवेगळी कारणे असू शकतात: बॅटरी चार्ज धरून ठेवत नाही, अल्टरनेटर पुरेसा चार्ज देत नाही, गाडी उभी असताना एखादे उपकरण वीज खाते, किंवा केबल आणि अर्थिंगमध्ये वाटेतच विजेचा दाब (व्होल्टेज, पुढे नुसता ‘दाब’) हरवतो. डिझेलच्या बाबतीत हीटर प्लगची (थंड इंजिनाच्या सिलिंडरमधील हवा तापवणाऱ्या प्लगची) भर पडते, कारण ते खराब असतील तर सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो आणि चांगली बॅटरीही दमते. या कारणांची लक्षणे एकमेकांसारखी असल्यामुळे तपासणी एका ठरावीक क्रमाने करावी आणि मोजल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये.

आधी तक्रार नीट ऐकावी

चावी फिरवल्यावर येणारा आवाज निम्मे निदान करून देतो. सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो पण इंजिन पेटत नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, अशी स्थिती असेल तर बॅटरीचा पिच्छा सोडून हीटर प्लग आणि इंधनाच्या नळीत शिरलेली हवा यांकडे वळावे. सेल्फ जड, ओढल्यासारखा फिरत असेल तर बॅटरी, केबल आणि सेल्फ हे तिघे संशयित आहेत. भराभर ‘टिक-टिक-टिक’ असा आवाज येत असेल तर सेल्फवरचा सोलेनॉइड ओढला जातो, त्याच क्षणी दाब कोसळतो आणि तो परत सुटतो. हे उतरलेल्या बॅटरीचे किंवा सैल टर्मिनलचे लक्षण आहे. एकदाच ‘टक्’ असा भक्कम आवाज होऊन पुढे काहीच होत नसेल, तर सोलेनॉइडचे आतील संपर्क किंवा सेल्फचे कार्बन (फिरत्या भागाला घासून वीज पोहोचवणारे तुकडे) पाहावे लागतील.

काही आवाज येत नसेल तर बहुधा इग्निशन स्विच किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर दोषी असते. जुन्या गाड्यांत स्विचचे संपर्क झिजलेले असतात. सहायकाने चावी स्टार्टवर धरावी आणि आपण सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर दाब मोजावा. बॅटरीवर त्या वेळी १२ च्या आसपास व्होल्ट असताना येथे १० पेक्षाही कमी मिळत असतील तर वाटेत कोठेतरी नक्की अडथळा आहे.

साधने आणि खबरदारी

साधा डिजिटल मल्टिमीटर, झाकणे उघडणारी बॅटरी असल्यास हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी), वायर ब्रश, पान्हे आणि चार्जर एवढ्यावर बहुतेक काम होते. डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर हाताशी असला तर वेळ वाचतो. मात्र बाजारातील अनेक स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, त्यामुळे घेण्यापूर्वी ते पाहून घ्यावे.

चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि तो ठिणगीने भडकतो. म्हणून चार्जरचे चिमटे लावताना आणि काढताना चार्जर बंद असावा. बॅटरी काढताना ऋण टर्मिनल आधी सोडावे आणि बसवताना ते शेवटी लावावे, म्हणजे धन टर्मिनलवर लावलेला पान्हा बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही. अंगठी, कडे, घड्याळ उतरवून ठेवावे. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेकवर असावी.

येथेच एक जुनी खोड सांगून टाकतो. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढायचे आणि इंजिन चालूच राहिले तर अल्टरनेटर ठीक आहे, असे मानायचे, ही पद्धत अजूनही सर्रास वापरली जाते. टर्मिनल अचानक सुटले की दाब क्षणभर प्रचंड उसळतो आणि त्यात अल्टरनेटरचे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग), रेग्युलेटर (दाब मर्यादेत ठेवणारा भाग) किंवा गाडीतील एखादे इलेक्ट्रॉनिक उपकरण जळू शकते. केबल ओढून बंद होणाऱ्या डिझेलमध्ये तर ही चाचणी निरर्थकही आहे, कारण ते इंजिन अल्टरनेटर मेलेला असला तरी चालूच राहणार.

मीटर लावण्याआधी हात आणि डोळे

दोन्ही टर्मिनल हाताने पिळून पाहावीत. जराही हलली तर काढून, पोस्ट (बॅटरीचा शिशाचा खुंट) आणि क्लॅम्पची (त्यावर आवळणाऱ्या केबलच्या टोकाची) आतली बाजू चकचकीत होईपर्यंत घासून, पुन्हा आवळावीत. वरून स्वच्छ दिसणाऱ्या क्लॅम्पच्या आत करड्या रंगाचा पातळ थर असतो आणि दाब तोच खातो, त्यामुळे न उघडता ‘टर्मिनल साफ आहेत’ असे म्हणू नये. पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, पण ते पाणी बॅटरीच्या छिद्रांत जाऊ देऊ नये. त्यानंतर ऋण केबल बॉडीला कोठे आणि इंजिनाला कोठे जोडली आहे ते शोधावे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे सेल्फचा परतीचा सगळा प्रवाह त्या एका अर्थिंगच्या पट्टीतून जातो. ती पट्टी गंजलेली किंवा अर्धी तुटलेली असेल तर नवी बॅटरीही हतबल ठरते.

बॅटरीचा डबा फुगलेला आहे का, तडा गेला आहे का, वरचा भाग ओलसर आहे का, हे पाहावे. झाकणे उघडत असतील तर पाणी प्लेटांच्या वर साधारण १० ते १५ मि.मी. असायला हवे. उतरलेल्या बॅटरीत प्लेटा बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि पातळी पूर्ण चार्जिंगनंतर जुळवावी. आधीच काठोकाठ भरले तर चार्ज होताना ॲसिड बाहेर येते. ॲसिड वरून कधीही घालू नये.

फॅनबेल्ट हा सगळ्यांत स्वस्त संशयित आहे आणि तो सर्वांत कमी वेळा तपासला जातो. दोन पुलींमधील सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबल्यास व्ही-बेल्ट साधारण १० ते १२ मि.मी. दबावा. बेल्टच्या कडा काचेसारख्या चकाकत असतील तर तो घसरतो आहे. स्टार्टनंतर लगेच किंचाळणारा आणि मिनिटभराने शांत होणारा बेल्ट हेच सांगत असतो, कारण स्टार्टनंतर लगेच अल्टरनेटरवर सर्वाधिक भार असतो. खूप घट्ट बेल्टही नको. त्याने अल्टरनेटरचे बेअरिंग लवकर जाते.

बॅटरी: आधी पूर्ण चार्ज, मग निर्णय

अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर घेतलेली पुढची सगळी मापे फसवी ठरतात. खोलवर उतरलेली बॅटरी अल्टरनेटरचा सगळा प्रवाह ओढून घेते आणि दाब १३ व्होल्टच्या आसपासच अडकतो, त्यामुळे चांगला अल्टरनेटरही दोषी दिसतो. म्हणून पहिले काम बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करणे हेच असावे. क्षमतेच्या एक दशांश प्रवाह हा जुना नियम येथे उत्तम आहे. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीला साधारण ६ अँपिअर.

चार्जिंग संपल्यावर लगेच मोजलेला दाब खोटा उंच असतो. बॅटरी काही तास, शक्य तर रात्रभर, गाडीपासून सोडवून ठेवावी. घाई असेल तर हेडलाइट दोन मिनिटे लावून बंद करावेत आणि थोड्या वेळाने मोजावे. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मा आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. १२ व्होल्ट दिसले की बॅटरी ‘बारा व्होल्टची’ आहे म्हणून ठीक, असा समज सर्रास आढळतो; प्रत्यक्षात ती जवळजवळ रिकामी असते. पूर्ण चार्जिंगनंतरही दाब १०.५ च्या आसपास राहत असेल तर सहापैकी एक सेल मेलेला आहे, कारण प्रत्येक सेलचा वाटा सुमारे २.१ व्होल्टचा असतो. अशा बॅटरीवर आणखी वेळ घालवू नये.

रात्रभर सोडवून ठेवलेली बॅटरी सकाळी १२.६ वर टिकली की १२.३ वर आली, यातून फार मोठी गोष्ट कळते. गाडीला जोडलेलीच नसताना ती उतरली, तर दोष तिच्या पोटातच आहे आणि गाडीतील विजेची गळती शोधण्याचे कारण उरत नाही.

झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटर याहून खोल माहिती देतो. पूर्ण चार्ज सेलमध्ये घनता १.२६५ ते १.२८० असते, निम्म्या चार्जला सुमारे १.१९० आणि रिकामी झाल्यावर १.१२० च्या जवळ. तापमान दर १० अंशांनी वाढले की वाचन साधारण ०.००७ ने कमी दिसते, म्हणून तापलेल्या बॅटरीचे आकडे सांभाळून वाचावेत. आकडा किती यापेक्षा सहा सेलमधील फरक महत्त्वाचा असतो: पाच सेल १.२६० आणि एक १.२००, असे दिसले तर तो सेल बाद झाला आहे, ०.०५० पेक्षा जास्त फरक हा बॅटरी बदलण्याचा पुरेसा आधार आहे. सगळेच सेल सारखे कमी असतील तर मात्र बॅटरी केवळ उपाशी आहे आणि ती वाचण्याची शक्यता बरीच असते. पाणी नुकतेच घातले असेल तर ते मिसळेपर्यंत हे वाचन घेऊ नये.

झाकणे न उघडणाऱ्या सीलबंद बॅटरीला लोड टेस्टर लावावा लागतो. डब्यावर लिहिलेल्या कोल्ड क्रँकिंग आकड्याच्या (थंडीत सेल्फसाठी बॅटरी देऊ शकते त्या अँपिअरच्या) निम्मा प्रवाह १५ सेकंद ओढल्यावर साधारण २१ अंश तापमानाला दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये.

सेल्फ मारताना काय घडते

जुन्या डिझेल इंजिनांचे, विशेषतः पूर्वकक्ष (मुख्य सिलिंडरआधी इंधन जेथे पेटू लागते तो छोटा कक्ष) असलेल्यांचे, दाबगुणोत्तर (सिलिंडरमधील हवा किती पट दाबली जाते तो आकडा) २० ते २३ पर्यंत असते. म्हणून सेल्फला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. ही तपासणी करताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून पंपावरील सोलेनॉइडची वायर काढून तिचे टोक झाकावे, किंवा केबलची गाडी असेल तर बंद करण्याची दांडी ओढून धरावी. मीटर थेट बॅटरीच्या पोस्टवर, क्लॅम्पवर नव्हे, टेकवावा आणि सहायकाला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगावे.

सेल्फ जड फिरतो आणि दाब ९.५ च्या खाली कोसळतो, असे दिसले तर एकतर बॅटरीत दम नाही किंवा सेल्फ गरजेपेक्षा जास्त प्रवाह ओढतो आहे. बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) झिजल्यामुळे आर्मेचर (सेल्फचा फिरता भाग) आत घासू लागले की असे होते. बॅटरी आधीच्या चाचणीत पास झालेली असेल तर बोट सेल्फकडे दाखवावे. याउलट सेल्फ जड फिरतो पण बॅटरीवरचा दाब ११ च्या आसपास ठामपणे टिकतो, असे असेल तर बॅटरीकडे वीज आहे, ती सेल्फपर्यंत पोहोचत नाही. ही एक चाचणी नीट केली तरी कित्येक बॅटऱ्या आणि सेल्फ विनाकारण बदलले जाण्यापासून वाचतील.

अडथळा कोठे आहे हे शोधण्यासाठी ओहम मोजण्याचा काही उपयोग नाही. २०० अँपिअर वाहताना ०.५ व्होल्ट हरवत असतील तर तो रोध फक्त अडीच मिलीओहम आहे आणि साधा मल्टिमीटर तो दाखवूच शकत नाही. म्हणून सेल्फ फिरत असतानाच दाबाची घट मोजावी. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन पोस्टवर आणि दुसरे सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवावे, फरक ०.५ व्होल्टपेक्षा कमी असावा. मग एक टोक ऋण पोस्टवर आणि दुसरे इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूवर ठेवावे, येथे ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त नको. फरक जास्त आला तर टोक एकेक जोड पुढे सरकवत जावे: पोस्ट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबल, केबल ते लग (केबलच्या टोकाची धातूची कडी), लग ते बॉडी. ज्या जोडावर आकडा उडी मारतो तोच गुन्हेगार. बऱ्याचदा तो लगमध्ये दाबलेल्या तारेच्या टोकाशी, रबराखाली हिरव्या पडलेल्या तांब्यात सापडतो.

अल्टरनेटर

इंजिन बंद ठेवून चावी ऑन करावी आणि चार्जिंगचा लाल दिवा लागतो का ते पाहावे. अनेक जुन्या गाड्यांत या दिव्यातूनच रोटरला (अल्टरनेटरच्या आतील फिरत्या विद्युत-चुंबकाला) सुरुवातीचा प्रवाह मिळतो. दिवाच जळालेला असेल तर अल्टरनेटर आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) जागा होत नाही आणि रेस दिल्यावर कधीतरी उरलेल्या चुंबकत्वावर सुरू होतो. म्हणजे पाच मिनिटांत बदलता येणाऱ्या छोट्याशा बल्बमुळे अल्टरनेटर बदलला जाऊ शकतो. दिवा लागत नसेल तर अल्टरनेटरवरची त्याची बारीक वायर काढून बॉडीला टेकवावी. आता दिवा लागला तर वायर आणि बल्ब ठीक आहेत आणि दोष अल्टरनेटरच्या कार्बन, रेग्युलेटर किंवा रोटरमध्ये आहे. चावी ऑन असताना पोलादी स्क्रूड्रायव्हर अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ नेला तर तो ओढ लागल्यासारखा चिकटायला हवा. ओढ नसेल तर रोटरला प्रवाह मिळत नाही. ही परीक्षा इंजिन बंद असतानाच करावी.

मग इंजिन सुरू करून बॅटरीच्या पोस्टवर दाब मोजावा. चार्ज असलेल्या बॅटरीवर तो १३.८ ते १४.४ व्होल्ट असावा. आता हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावून इंजिन मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर धरावे, दाब १३.५ च्या वर टिकला पाहिजे. नुसत्या आयडलवर थोडा खाली आला तर घाबरू नये, कारण आयडलवर अल्टरनेटर आपल्या क्षमतेचा काही भागच देतो. भाराशिवाय १४.२ आणि भार टाकताच १२.८, हे एखादा डायोड किंवा स्टेटरचा (अल्टरनेटरच्या स्थिर गुंडाळीचा) एक फेज गेल्याचे किंवा बेल्ट घसरत असल्याचे नेहमीचे चित्र आहे.

डायोडचा संशय पक्का करण्यासाठी इंजिन चालू आणि दिवे लागलेले असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर मोजावे. ०.१ च्या आत असेल तर ठीक, ०.५ च्या वर गेले तर डायोड प्लेट खराब आहे. इंजिन चालू असताना लाल दिवा पूर्ण न विझता मंद पेटत राहतो, तेव्हाही डायोडचाच विचार आधी करावा. दाब १४.८ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर किंवा त्याचे अर्थिंग गेले आहे; अशा गाडीत बॅटरीचे पाणी वरचेवर कमी होते, कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि बल्ब लवकर जातात.

अल्टरनेटरवरच १४.३ आणि बॅटरीवर १३.४, असा फरक दिसला तर अल्टरनेटरला हात न लावता मधली केबल पाहावी. भार असताना या मार्गातील घट ०.३ व्होल्टच्या आत असावी. टॅकोमीटरची (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरची) सुई उड्या मारते किंवा शून्यावर पडते, याकडेही दुर्लक्ष करू नये. डिझेलला इग्निशन कॉइल नसल्यामुळे अनेक गाड्यांत टॅकोमीटरला इशारा अल्टरनेटरच्या एका टर्मिनलवरून मिळतो, म्हणून सुई मरणे आणि चार्जिंग कमी होणे एकाच वेळी घडले तर तो योगायोग मानू नये.

डिझेलची म्हणून एक खास गोष्ट येथे आहे. या इंजिनांत ब्रेक बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम इनटेकमधून मिळत नाही, त्यामुळे अनेक मॉडेलांत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर, त्याच शाफ्टवर बसवलेला असतो आणि त्याला इंजिन ऑइलचे पाइप जोडलेले असतात. शाफ्टचे सील झिजले की ऑइल हळूहळू अल्टरनेटरच्या आत झिरपते, स्लिप रिंगवर (रोटरच्या ज्या कड्यांवर कार्बन घासतात त्यांवर) काळा चिकट लेप बसतो, कार्बन त्यावर तरंगू लागतात आणि चार्जिंग कधी होते, कधी होत नाही. अल्टरनेटरच्या खालच्या झरोक्यांतून काळे ऑइल ठिबकलेले दिसले तर केवळ कार्बन बदलून भागणार नाही. सील बदलले नाही तर नवे कार्बनही काही दिवसांतच भिजतात. असा अल्टरनेटर काढण्यापूर्वी ऑइलचे पाइप सोडावे लागतात हे लक्षात ठेवावे, आणि परत बसवल्यावर रस्त्यावर जाण्याआधी, इंजिन चालू ठेवून, ब्रेक पेडल नेहमीसारखे नरम आहे का ते तपासावे. अशा गाडीत बेल्ट तुटला तर चार्जिंगबरोबर ब्रेकची मदतही जाते.

अल्टरनेटर उघडलाच असेल तर कार्बन ५ मि.मी. पेक्षा आखूड झालेत का ते पाहावे आणि दोन स्लिप रिंगमधील रोध मोजावा; १२ व्होल्टच्या रोटरमध्ये तो साधारण ३ ते ५ ओहम असतो. रिंग आणि शाफ्ट यांच्यात मात्र काहीच वाहता कामा नये.

उभ्या गाडीतील गळती

बॅटरी स्वतः ठीक, चार्जिंग ठीक, तरी दोन दिवस उभी राहिलेली गाडी सुरू होत नाही, तेव्हा गळती शोधावी. ऋण केबल सोडून, मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून, पोस्ट आणि केबल यांच्यामध्ये जोडावा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नये. हीटर प्लगचा प्रवाहच मीटरचा फ्यूज उडवायला पुरेसा आहे. दारे बंद किंवा त्यांचे स्विच दाबलेले असावेत आणि काही मिनिटे थांबून आकडा वाचावा. घड्याळ आणि रेडिओची स्मृती एवढेच असलेल्या जुन्या गाडीत २० ते ३० मिलिअँपिअर पुरे, ५० पर्यंत चालून जाते. ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, तर अर्ध्या अँपिअरच्या गळतीने १२. म्हणजे ६० अँपिअर-तासांची बॅटरी तिसऱ्या दिवशी डिझेल इंजिन फिरवण्याच्या लायकीची उरत नाही.

आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जावे आणि कोणता काढल्यावर तो कोसळतो ते पाहावे. सर्व फ्यूज काढूनही गळती तशीच राहिली तर फ्यूजमधून न जाणाऱ्या वाटा उरतात: अल्टरनेटरची जाड वायर, सेल्फ आणि हीटर प्लगचा रिले. अल्टरनेटरची वायर ऋण केबल सोडलेली असतानाच काढून झाकावी आणि पुन्हा मोजावे. गळती थांबली तर डायोड उलट्या दिशेने वाहत आहे. हीटरच्या रिलेचे संपर्क चिकटून राहिले तर प्रवाह दहा अँपिअरच्या कितीतरी वर जातो. गाडी बंद करून बराच वेळ झाल्यावरही रिले किंवा त्याची जाड वायर हाताला कोमट लागत असेल तर मीटर जोडण्याआधी ती काढावी. डिकीतील दिवा झाकण लावल्यावर विझतो का, हे पाहण्यासाठी मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून तो आत ठेवून द्यावा. नंतर बसवलेले म्युझिक सिस्टम, अलार्म आणि हॉर्नचे रिले यांच्या वायरिंगवर माझा पहिला संशय असतो आणि तो बहुधा खरा ठरतो.

हीटर प्लग आणि थोडे गणित

प्रत्येक हीटर प्लगची वायर किंवा पट्टी काढून प्लगचे टोक आणि इंजिन यांच्यात रोध मोजावा. चांगला प्लग एका ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो. मीटर अनंत दाखवत असेल तर प्लग जळाला आहे. चारही प्लग चांगले निघाले तर चावी ऑन करून पट्टीवर बॅटरीइतकाच दाब येतो का ते पाहावे, म्हणजे रिले आणि मोठा फ्यूज यांचीही परीक्षा होते. चारपैकी दोन प्लग मेलेले असले की थंडीत इंजिन दोन सिलिंडरवर अडखळत पेटते आणि सेल्फ दुप्पट वेळ मारावा लागतो.

जवळच्या फेऱ्यांनी बॅटरी उतरते असे नेहमी सांगितले जाते. हिशेब करून पाहावा: ३०० अँपिअर तीन सेकंद म्हणजे ०.२५ अँपिअर-तास, चार प्लगचे ५० अँपिअर १५ सेकंद म्हणजे सुमारे ०.२. एक निरोगी स्टार्ट अर्ध्या अँपिअर-तासाच्या आत होतो आणि चांगला अल्टरनेटर तो काही मिनिटांत भरून काढतो. त्यामुळे रोज दहा-पंधरा मिनिटे चालणाऱ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर ‘गाडी कमी चालते’ या उत्तरावर समाधान मानू नये. चार-पाच वेळा हीटर आणि लांब सेल्फ, त्यावर रात्रीचे दिवे, ब्लोअर आणि घसरणारा बेल्ट, असे सगळे जुळून आले तरच ते उत्तर खरे ठरते.

दोन बॅटऱ्यांच्या गाड्या आणि दुरुस्तीनंतरची खात्री

काही डिझेल गाड्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात. त्या जोडलेल्या स्थितीत मोजल्या तर दोन्हींवर एकच दाब दिसतो आणि खराब बॅटरी चांगलीच्या आड लपते. म्हणून दोन्ही वेगळ्या करून, वेगवेगळ्या चार्ज करून, वेगवेगळ्या तपासाव्यात. एक गेली असेल तर शक्यतो दोन्ही एकदम, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या बदलाव्यात, कारण जुनी बॅटरी नवीला सतत खाली ओढते. काही जुन्या गाड्यांत सेल्फ २४ व्होल्टवर चालतो; तेथे जंपर (दुसऱ्या बॅटरीवरून वीज घेण्याची केबल) लावण्यापूर्वी जोडणीचा नकाशा पाहणे अपरिहार्य आहे.

दुरुस्ती झाल्यावर बॅटरी पुन्हा पूर्ण चार्ज करून गाडीला जोडावी, भारासह चार्जिंगचा दाब एकदा लिहून ठेवावा आणि पुढचे तीन-चार दिवस सकाळी, दार उघडण्याआधी शक्य असल्यास बॉनेट आधीच सैल ठेवून, बॅटरीचा दाब नोंदवावा. १२.६, १२.६, १२.५ असे आकडे येत असतील तर काम झाले. १२.५, १२.४, १२.२ अशी रोजची घसरण दिसली तर गाडी अजून सुरू होत असली तरी एखादे कारण शिल्लक आहे. तेव्हा एक रात्र ऋण केबल सोडून ठेवावी आणि सकाळच्या आकड्यावरून गळतीकडे वळायचे की चार्जिंगकडे, हे ठरवावे.